आकसण्याची सूट

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी तासभर बाहेर बसू द्या ह्यांना,
वाऱ्यावर,
पण वारं लागता कामा नये.
आता असली जागा कुठं असते?
मृणाल म्हणाली, काकी, गझिबो.
आणि फोनवर बोट सरकवत राहिली.

पहिला पांढरा, जाळीचा, गुलाबाच्या वेलासकट.
हे म्हणाले, वेल ते देणार का आपण लावायचा?
दुसरा बांबूचा, वर गवत शाकारलेलं.
"पन्हाळ्याच्या वाटेवरचं हॉटेल वाटतंय.
बसलो की कोणीतरी तांबडा-पांढरा आणून ठेवील."
ठेवील, पण तुम्हाला चालणार नाही, मी म्हणाले.
मग थोडा वेळ कुणाचंच बोट सरकलं नाही.

सोमवारी उद्यमनगर बंद, म्हणून मंगळवारी गेलो.
इलाही मुल्लाणींच्या शेडमध्ये ग्राइंडर किंचाळत होता,
मला कान झाकावेसे वाटले,
ह्यांनी मफलर काढला.
चाळीस वर्षं ह्याच गल्लीत पॅटर्न बनवले ह्यांनी,
पंपाचे, गिअरबॉक्सचे, सागवानी,
लोखंड गावोगाव गेलं, लाकूड रॅकवर राहिलं.
पाइपवर नखानं टिचकी मारली.
"किती गेज?"
"चौदा."
"सोळाचा वाजतोय."
इलाहींनी चहा मागवला,
आणि मग खरा चौदाचा दाखवला.

कोपऱ्यात एक तयार होता,
आठ खांब, वर घुमट, घुमटावर कळस,
कुणी तरी ऑर्डर देऊन न्यायला न आलेला.
"हा घ्या की, निम्म्यात देतो. छत्रीच म्हणायची."
हे एक फेरी मारून आले.
"पंचगंगेच्या घाटावर बघितल्यात छत्र्या.
आत कोण असतं ते म्हाईत हाय.
मला बसायला पाहिजे, इलाहीभाई."
सगळी शेड हसली. मीही हसले.
परतताना रिक्षात मात्र
दसरा चौकापर्यंत मला दुकानांच्या पाट्या वाचाव्या लागल्या,
एकेक अक्षर लावून.

माप घ्यायला इलाही घरी आले.
नाल्याकडच्या भिंतीवरची पेन्सिलीची रेघ बघितली.
"इथवर?"
इथवर. त्या साली सोफा आपण होऊन स्वयंपाकघरात आला होता.
"म्हणजे जोतं दोन फूट उचलायचं."
दोन फूट म्हणजे चार पायऱ्या,
आणि पायऱ्या तर कागदावर लिहून बंद केलेल्या,
मिठाच्या खालच्या ओळीत.
पाण्यासाठी उंच, ह्यांच्यासाठी बुटकं.
लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
शेवटी इलाहीच म्हणाले, उतार काढू,
खडबडीत फरशी, बाजूला कठडा,
पाय न उचलता चढता येईल असा.
'पाय न उचलता' हे त्यांनी हळू म्हटलं.

त्या रात्री ह्यांनी माळ्यावरची पेटी उतरवून घेतली.
पटाशी, कानस, सरस.
चार दिवसांत टेबलावर एक बोटभर उंचीचा गझिबो,
सहा खांब, घुमट नाही,
छप्पर नाल्याकडं उतरतं.
मोजून बघितलं तर माझ्या हिशेबापेक्षा मोठा निघाला.
दोन खुर्च्यांना एवढा कशाला?
"पॅटर्न नेहमी जरा मोठाच करायचा.
थंड होताना लोखंड आकसतं. तेवढी सूट सोडावी लागते."
बोलता बोलता त्यांनी खांबावरचा भुसा फुंकला,
आणि फुंकर पुरी व्हायच्या आधी दम खाल्ला.

मी काही बोलले नाही.
तुरीचे दोन दाणे आणून आत ठेवले,
शेजारी शेजारी.
सकाळी गोळ्या द्यायला गेले तर तीन होते.
हा तिसरा कोण?
"इलाही. चहाला बसणार की रोज.
सोळाचा पाइप लावला असंल
तर आत बसवूनच विचारतो."